देवाच्या मेंढ्याचा पट्टा

माझ्यापुढं कुणी यंत्राचं कवतिक लावलं की माझं डोस्कं फिरतं. कवतिक मी बी लय केलंय, न्हाई असं न्हाई. यंत्रवाल्या पुष्करची जीप बांधाला लागली की मी तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून पळायची. त्यो टीव्हीच्या ॲंटिन्यागत काड्यांचं झेंगट हातात धरून उभा असायचा, कानाला बोंडं लावलेली. मी जाऊन म्हणायची, "कुठं हाय रं माझी सुली? सांग की लवकर, भाकरी करपाय लागली." त्यो हसायचा. "मावशी, मला मेंढ्याचं कळतं, सुलाबाईंचं नाही." म्हटलं, मेंढा तितं माझी भन, तू नुसतं गावाचं नाव घे.

आमी आटपाडीकडची मेंढकं. दिवाळी झाली की आमच्या माळावर खायला काय ऱ्हात न्हाई. मग मेंढरं घेऊन किस्नाकाठाला उतरायचं, बागायतदाराच्या रानात बसवायची. लेंड्यांचं खत त्येला, दाणं आमाला. येका रानात येक-दोन राती, की हाललो म्होरं. गडी मेंढरांमागं, आन आमी बाया घोड्यांवर पालं, भांडी, कोकरं, पोरं लादून वाटंला. ह्या फिरत्या बिऱ्हाडाला आमी वाडा म्हणतो.

आमचा वाडा दोघा भावांचा. थोरलं आमचं मालक. बाळासो त्येंचं नाव, तुमाला कळावं म्हणून येकदा घेतलं, आता परत घेनार न्हाई. धाकटा जोतीराम. जोतीरामाला माझी पाठची भन दिलेली, सुला. म्हंजी आमी भनी बी आन जावा बी. धोंडुबाई आमची सासू.

सुलीचं पैलं बाळंतपण मी केलं. आटपाडीच्या अलीकडं, वाटंवरच, बाभळीखाली. पोर आडवं व्हतं. सासू डोळं मिटून बिरोबाचा धावा करत बसलेली. अडलेल्या मेंढीच्या पोटातलं कोकरू मी हातानं फिरवून काढती, तेवढा माझ्या हाताला गुण हाय. देवाचं नाव घेतलं आन तसंच ते पोर फिरवलं. रडलं. सुलीनं माझं मनगाट असं आवळलं व्हतं की बांगड्या फुटल्या. म्हणाली, "अक्का, म्होरल्या येळंला बी तूच पायजेस." मी म्हणलं, "मी न्हाई तर कोण येनार, तुजी सवत?" रडता रडता हासली बया. ती पोरगी समीक्षा, आता मामाकडं ऱ्हाऊन शाळंत जाती.

म्होरली येळ आली, पर मदी त्यो मेंढा आला.

आमच्या खांडीत, म्हंजी कळपात, बिरोबाला सोडलेला मेंढा व्हता. देवाचा मेंढा इकायचा न्हाई, कापायचा न्हाई. त्येच्या गळ्यात घंटा. त्यो म्होरं आन सगळी खांड त्येच्यामागं. भाऊ येगळं निगालं, तवा मेंढरं वाटली, घोडी वाटली, कुत्री सुदिक वाटली, सासू धाकट्याकडं गेली. देवाचा मेंढा कसा वाटायचा? मालक म्हणालं, थोरल्याकडं ऱ्हाईल. जोतीराम म्हणाला, आय मेलेलं कोकरू म्या बाटलीनं पाजून जगवलंय, त्ये माझ्यामागं येतं. शब्दाला शब्द लागला. येक दिस आमी उठून बघतो तर जोतीरामाचं पाल न्हाई आन मेंढा बी न्हाई. मालक म्हणालं, नेला. जोतीराम म्हणाला, आपल्या पायानं आला.

मग जत्रंत दोघं समोरासमोर आलं आन दोघांनी भंडार उचलला. भंडार म्हंजी देवाची हळद. ती मुठीत धरून बोललेला शब्द देवाच्या दारात ऱ्हातो, त्यो फिरवाय येत न्हाई. मालक बोललं, "तुझी मेंढरं आन माझी मेंढरं येका पाण्याला येनार न्हाईत. तुझ्या वाड्यात माझा पाय न्हाई, माझ्या वाड्यात तुझा न्हाई. निरोप बी जायचा न्हाई, यायचा न्हाई." जोतीराम बी तेच बोलला, तेवढ्याच ताठ्यानं. आन आमी बाया? आमी देवळाच्या बाहीर पोरं कडंवर घेऊन उभ्या. आमाला इचारतंय कोण! सुलीला तवा नुकतंच दिस गेलं व्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं, मला लांबनंच पोटावर हात ठेवून दावलं. ती कासावीस झाल्याली मला दिसत व्हती, आन मला तिच्यापातूर जाता येईना.

त्याच साली पुष्कर आला. सांगलीचा पोरगा, बाहीरच्या कुठल्याशा संस्थेत कामाला. लांडगं आन मेंढरं येकमेकांच्या मागंपुढं कशी फिरतात, त्येचा शोध लावायचा व्हता म्हणं त्येंना. दोन लांडगं धरून त्येंच्या गळ्यात पट्टं घातलं, आन पाच वाड्यांच्या म्होरक्या मेंढ्यांच्या गळ्यात पाच. पट्ट्यावर साबणाच्या वडीयेवढी डबी. ती डबी आभाळातल्या उपग्रहांना इचारती, मी कुठं हाय? आन उत्तर आलं की रेडिओवरनं डोंगरावरच्या खांबाला कळवती. खांब जीपमधल्या यंत्राला सांगतो. जीपीएस म्हणायचा त्यो त्येला. पडद्यावर सात ठिपकं सरकत असायचं. मी म्हणलं, "आमचा बिरोबा ह्येच करतोय रं, डबीबिगर." त्यो म्हणाला, "पण मावशी, तो आम्हाला नकाशा देत नाही."

कधी इकत न्हाई, कापत न्हाई असंच जनावर पट्ट्याला पायजे, असं त्येच्या मोठ्या सायेबाचं म्हणणं. मग जोतीरामाच्या वाड्यात पट्टा कुणाच्या गळ्यात पडनार? देवाच्या मेंढ्याच्या! ज्येच्यावरनं भाऊ तुटलं, त्येच्याच गळ्यात.

मालकांना आयतंच झालं. जीप आली की इचारायचं, "त्यो कुठं हाय?" भावाचं नाव घ्याचं न्हाईत. पुष्कर भोळा. सांगून टाकायचा, "पलूसच्या बाजूला." की मालक खांड उलटीकडं वळवायचं. मी चुलीपाशी बसून त्येच ऐकायची आन मनाशी म्हणायची, पलूसला हाय, कालच्या गावापरीस म्होरं गेली, म्हंजी चालती हाय, म्हंजी बरी हाय. त्या दिशी मला घास ग्वाड लागायचा.

पुष्कर तिकडं बी जायचा, पट्टं तपासाय. निरोप मातूर न्यायचा न्हाई. मालकांनी त्येला पैल्याच दिशी भंडाराची गोष्ट सांगून तंबी दिली व्हती. येकदा आला त्यो लय खुशीत. मोठ्या सायेबानं कागदावर सगळ्या वाड्यांच्या रेघा मारल्या, तर आमची रेघ आन जोतीरामाची रेघ कुठंच मिळत न्हाई. सायेब म्हणं हरकून गेला, मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या रानं कशी शहाणपणानं वाटून घेतलीत म्हणून. मला हसावं का रडावं कळंना. म्हणलं, "आरं बाबा, ह्येला शहाणपण म्हणत न्हाईत, भांडण म्हणतात. आन तूच येऊन सांगतोस म्हणून तर रेघा मिळत न्हाईत." त्येचं तोंड येवढं येवढं झालं. तवापासनं त्यो गावाचं नाव सांगंना. म्हणाला, "मावशी, सरांना कळलं तर मला घरी बसवतील. आम्ही फक्त बघायचं, मधे पडायचं नाही."

मी त्येच्या हातापाया पडली. गाव नगं सांगू, चालतोय का थांबलाय तेवढं सांग. तेवढ्यानं कुणाची रेघ वाकडी व्हत न्हाई. त्यो कबूल झाला. मालक खांड घेऊन किस्नेच्या वरल्या अंगाला, कऱ्हाडाकडं निगून गेलं. "सांगली जिल्ह्यात त्यो, सातारा जिल्ह्यात मी," म्हणालं, जसा काय सरकारनं त्येंच्यासाठनंच जिल्हा पाडला व्हता. पुष्कर तितं यायचा. मी बघितलं की लांबनंच म्हणायचा, "चालतोय, मावशी." मी माघारी फिरायची.

माघ लागला. सुलीचं दिस भरत आलं. माझं ध्यान कुठं लागंना. कोकरं पाजताना हात थांबायचा. मालकांना म्हणलं, "आवं, दोन दिस मला जाऊन येऊ द्या. तिचं पैलं पोर आडवं व्हतं, ह्ये बी तसंच आलं तर सासूच्यानं व्हनार न्हाई." ते म्हणालं, "तू गेलीस म्हंजी माझाच पाय गेला. खांडीवर देव कोपला तर तू निस्तरनार व्हय?" माणसाला मेंढरं मरायचं भ्या देवापरीस जास्ती, आन नाव देवाचं!

आन मग जीप आली, आन पुष्कर लांबनं काय बोलला न्हाई.

"चालतोय न्हवं?"

"नाही मावशी. कालपासनं एकाच जागी आहे."

 मेंढरं थांबत न्हाईत वो. रान खाल्लं की हालायचंच, न्हाईतर जगनार कशावर? पुष्कर म्हणाला, "पट्टा गळून पडला असेल. एका लांडग्याचा तसाच पडला होता, चिखलात सापडला." मी म्हणलं, दाव मला. त्येनं पडदा दावला. ठिपका अगदीच थांबला नव्हता. हिकडं वाईच, तिकडं वाईच, त्येच जागी घुटमळत व्हता. "ह्यो बघ की, हालतोय!" म्हणलं. त्यो समजूत घालायला लागला, "ती यंत्राची चूक आहे. उपग्रहाच्या हिशेबात पाचपन्नास पावलं इकडं तिकडं होतातच. पट्टा पडूनच आहे."

मालकांनी ऐकलं. काय म्हणालं म्हाईत हाय? "थांबलाय न्हवं? थांबू दे. त्यो थांबलाय तवर आपुन खालचं रान गाठू." असं वाटलं, हातातला तांब्या टाळक्यात घालावा. भन माझी तितं, आन ह्यास्नी रान दिसतंय! लय भांडली मी. वाड्यातली समदी माणसं गोळा झाली. मालकांचं येकच, भंडार. शेवटाला मी रडत पालात जाऊन पडली, आन दुसऱ्या दिशी त्येंनी खरंच खांड हालवली. घोडी लादली मी. काय करनार? कोकरं तितं सोडून देनार व्हती व्हय?

परत जीप आली. ठिपका तितंच. आता घुटमळत बी नव्हता. येका जागी गप पडलेला. पुष्कर म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना?" त्ये ऐकलं आन मी उठून जीपमधी बसली. मालक आडवं आलं. मी म्हणलं, "बाजूला व्हा. भंडार तुमी उचललाय, म्या न्हाई. देवाला जाब पायजे असंल तर माझं नाव सांगा त्येला, भामा म्हणून." पुष्कर चुळबुळाय लागला, सर, नोकरी, आसं तसं. म्हणलं, "पट्टा पडलाय म्हणतोस न्हवं? मग तुझा पट्टा उचलाय चल. मी वाटंत काय बोलत न्हाई."

त्यो गाडी चालवत व्हता आन त्येचा चेहरा उतरत चालला व्हता. कऱ्हाड मागं पडलं तसा म्हणाला, "मावशी, एक गोष्ट राहिली सांगायची. मागच्या खेपेला मी डबीची बॅटरी बदलायला गेलो, तेव्हा सुलाबाईंनी विचारलं होतं. हा थांबला तर अक्काला कळतं का, म्हणून."

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, लगेच कळतं. मला वाटलं, सहज विचारतायत."

"आन ह्ये तू मला आत्ता सांगतोस?"

"निरोप द्यायचा नव्हता ना," त्यो म्हणाला. पोरगा रडकुंडीला आलेला. मला दया आली न्हाई. मी त्येला नको नको ते बोलली, आन मग पदराचा बोळा तोंडात कोंबून गप बसली.

पलूसच्या अलीकडं त्येनं गाडी थांबवली, काड्या वर धरल्या. यंत्र टिक टिक वाजाय लागलं. जवळ जाऊ तसं जोरात. ऊस तोडलेलं मोकळं रान व्हतं. मेंढरं न्हाईत, घोडी न्हाईत. मदी येकच पाल, आन बांधावर धोंडुबाई गुडघ्यात डोस्कं घालून बसलेली. पालाभवती जमीन तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली.

"आलीस व्हय," सासू म्हणाली. मान बी वर केली न्हाई. "रान सपलं, रानाच्या मालकानं हाला म्हणलं, जोतीला खांड न्यावी लागली. ही चालाय येईना. निरोप धाडावा तर शपत. पट्ट्याचं शपतंत कुणी बोललं नव्हतं. हिनंच सोडला त्यो मेंढ्याच्या गळ्यातनं. जोतीनं बघितलं. काय बोलला न्हाई, मेंढा धरून उभा ऱ्हायला तिचं सोडून व्हईपातूर. कळा सुरू झाल्या तरी हातात पट्टा घेऊन पालाभवती फिरत व्हती बघ. म्हणायची, आत्या, मी थांबलेली अक्काला दिसती, येतीया ती. पोर आडवंच व्हतं, माझ्यानं काय व्हईना. शेवटाला रानमालकाच्या ट्रॅक्टरात घालून दवाखान्यात नेली. हिला वाचवली त्येंनी. पोरगा व्हता."

बांधाच्या कडंला, करंजाखाली, ताजी माती दिसत व्हती. वर काटं टाकलेलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. पुष्कर पालाभवतीची ती तुडवलेली जमीन बघत उभा व्हता.  मला बी कळलं त्यो काय बघतोय ते. ती यंत्राची चूक नव्हती. माझी भन कळा देत चालत व्हती.

मी पालात वाकली. सुली कुशीवर पडलेली, तोंड पांढरंफटक. पट्टा उशाला. मला बघून ती रडली न्हाई. म्हणाली, "अक्का, मी थांबली व्हती. तुला कळलं न्हाई व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. यंत्र बिघडलं व्हतं म्हणली असती, तर तिनं मानलं असतं. तोंडातनं निगंना.

"कळलं व्हतं गं," म्हणलं. "पैल्या दिशीच कळलं व्हतं."

 ती हळूच म्हणाली, "मग?"

 मी तिचं डोस्कं मांडीवर घेतलं आन हुंदकं देऊन रडली. ती रडली न्हाई.

दुसऱ्या दिशी मालक आलं. येकटं, चालत, मेंढरांबिगर. बांधापातूर आलं आन थांबलं, पाय आत टाकंनात. मी बाहीर गेली. म्हणलं, "माझी भन आत इचारतीया, मग? मला उत्तर जमलं न्हाई. तुमी थोरलं, तुमी या आन सांगा." ते करंजाखालच्या मातीकडं बघत ऱ्हायलं.  पाय तितंच. पायापुढं नुसता बांध व्हता वो, येवढासा!

मग मी सासूच्या कनवटीचा भंडार मागून घेतला. आमच्यात बाई भंडार उचलत न्हाई. मी उचलला. त्येंच्या डोळ्यात बघून बोलली, "ह्या बांधाच्या आत येऊन सुलीला उत्तर देईपातूर तुमच्या वाड्यात माझी चूल पेटनार न्हाई." सासू किंचाळली, "भामे, आगं काय बोललीस!" बोललेलं देवानं ऐकलं व्हतं. मालक आलं तसं माघारी गेलं.

तवापासनं मी सुलीच्या वाड्यात हाय. पट्टा परत मेंढ्याच्या गळ्यात घातला, मीच घातला. सुली चालती, सैपाक करती, माझ्यासंगं बोलती बी. ते येक सोडून समदं बोलती.

पुष्कर अजून येतो. गुमान येतो, डबी तपासतो, जातो. मागल्या खेपंला त्येला म्हणलं, तिकडं कसं काय हाय? त्यो खाली बघत म्हणाला, "मालक दर खेपेला विचारतात मावशी. जीप दिसली की पळत येतात. तो कुठं हाय, म्हणतात."

"मग तू काय सांगतोस?"

"चालतोय म्हणून सांगतो."

म्हणलं, बास. तेवढंच सांग.